घरच्या पार्टीसाठी मसाला दाणे: आच मंद, तिखट शेवटी

सोलापुरात शेंगदाण्याची पारख कुणाला शिकवावी लागत नाही. भाकरीबरोबर शेंगा चटणी रोजची, संक्रांतीला शेंगापोळी, हुरड्याला बसलं की पुन्हा चटणी आहेच. त्यामुळे घरी भिशी असो, मुलाचा वाढदिवस असो की मॅच बघायला जमलेली मित्रमंडळी, मसाला लावलेल्या दाण्यांची वाटी पुढे आली की पहिल्या घासातच पाहुण्यांना कळतं, दाणा आतपर्यंत भाजलाय की नुसता वरून रंगलाय. मसाल्यात काय काय घातलंय हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिल्यांदाच करणाऱ्यांची बहुतेक फसगत इथेच होते. तिखट, मीठ, तेल, दाणे सगळं एकदम कढईत घालून गॅस मोठा केला जातो. दाण्याला आतून भाजायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि लाल तिखट अर्ध्या मिनिटात करपतं. मग तिखट काळं, कडू आणि दाणा मात्र कच्चट अशी गत होते. म्हणून ही दोन कामं वेगळी ठेवायची. आधी दाणा कोरडा, मंद आचेवर, पूर्ण भाजून घ्यायचा. गॅस बंद झाल्यावर मसाला.

काय आणायचं

पंधरा-वीस माणसांना, बाकी खाणंही असेल तर, अर्धा किलो दाणे पुरतात. त्यात शेंगदाणे पाव किलो, काजू १२५ ग्रॅम आणि बदाम १२५ ग्रॅम. नुसते शेंगदाणे केले तरी काही बिघडत नाही. पहिल्यांदा करताना तर नुसते शेंगदाणेच करा, हात बसला की काजू-बदामाला हात घाला. महागाचा माल शिकण्यात घालवू नये.

लक्ष्मी मंडईच्या परिसरातून आणा किंवा घराजवळच्या किराणा दुकानातून, शेंगदाणे घेताना मूठभर हातात घेऊन बघा. दाणा एकसारख्या आकाराचा हवा. लहान-मोठा माल मिसळलेला असेल तर लहान दाणे करपतात तेव्हा मोठे अजून कच्चे असतात. मसाला दाण्यांसाठी मला जाड दाण्यापेक्षा बारीक, गोलसर घुंगरू दाणा आवडतो. तो लवकर आणि सारखा भाजतो, तोंडात टाकायलाही बरा. एक दाणा चावून पाहा. जिभेवर खवट किंवा कडू लागला तर तो माल घेऊच नका. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, ते एकदा खवटलं की भाजून किंवा मसाला लावून लपत नाही.

घरी आणल्यावर दाणे परातीत पसरून निवडायचे. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशी धरलेले दाणे काढून फेकून द्या. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही. एक कडू दाणा पाहुण्याच्या तोंडाची चव घालवतो हे तर आहेच.

बाकी सामान असं. यात चमचा म्हणजे सपाट भरलेला ५ मिलीचा लहान चमचा:

लाल तिखट २ चमचे (एक ब्याडगीचं रंगासाठी, एक घरच्या नेहमीच्या तिखट मिरचीचं)
भाजलेल्या जिऱ्याची पूड दीड चमचा
बारीक मीठ १ चमचा
काळं मीठ अर्धा चमचा
आमचूर १ चमचा
पिठीसाखर १ चमचा
हिंग दोन चिमटी
लसणाच्या १५ ते २० पाकळ्या
कढीपत्त्याच्या २ डहाळ्या
शेंगदाण्याचं तेल ४ चमचे

हळद मुद्दाम घातलेली नाही. एवढ्या कमी तेलात, एवढ्या कमी वेळात तिचा कच्चा वास जात नाही. गरम मसालाही नको, तो भाजीत शोभतो. इथे चव शेंगा चटणीच्या वळणाची हवी: लसूण, जिरं, तिखट, मीठ. आमचूर आणि साखर एवढीच पार्टीसाठीची भर. मीठ जाडसर असेल तर मिक्सरमधून फिरवून पिठासारखं करून घ्या, जाड खडे दाण्याला धरत नाहीत आणि वाटीच्या तळाशी जाऊन बसतात.

भाजणं

जाड बुडाची कढई घ्या, लोखंडी असेल तर उत्तम. पातळ स्टीलच्या भांड्यात तळाचा दाणा डागाळतो. शेंगदाणे, बदाम, काजू तिन्ही वेगवेगळे भाजायचे. एकत्र टाकायचा मोह होतो, पण काजू मऊ आणि पटकन रंग धरणारा, बदाम घट्ट, शेंगदाण्याला साल. तिघांची वेळ जुळत नाही.

कढई मध्यम आचेवर दोन मिनिटं तापू द्या, मग गॅस मंद करून शेंगदाणे टाका. तेल नको. पाव किलो दाण्यांना मंद आचेवर साधारण १२ ते १५ मिनिटं लागतात. सुरुवातीची चार-पाच मिनिटं काही घडत नाहीये असंच वाटतं, कारण तेवढ्या वेळात दाण्यातला ओलावा निघत असतो. घाई करून गॅस वाढवायचा नाही. कालथा तळापासून फिरवत राहा, कढईच्या कडेचे दाणे मधे आणि मधले कडेला. थोड्या वेळाने तडतड ऐकू येते, सालीवर बारीक डाग दिसतात आणि वास बदलतो. आधी उकडलेल्या शेंगेसारखा येणारा वास जाऊन खमंग वास सुटतो.

इथून पुढे घड्याळापेक्षा दाणा बघा. एक दाणा काढून ताटलीत मिनिटभर गार होऊ द्या आणि बोटांनी चोळून दोन फाकी करा. साल सहज सुटली पाहिजे. आतला रंग पांढरट असेल तर अजून वेळ आहे. फिकट बदामी दिसला की गॅस बंद. हव्या त्या रंगाच्या एक छटा आधीच थांबायचं, कारण दाण्याच्या आतली उष्णता गॅस बंद केल्यावरही काही मिनिटं भाजण्याचं काम करत असते. म्हणूनच भाजलेले दाणे गरम कढईत तसेच ठेवायचे नाहीत, लगेच परातीत पातळ पसरायचे.

गरम दाणा चावून पाहिला तर मऊच लागतो. त्यावरून कच्चा आहे समजून पुन्हा भाजायला घेऊ नका. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. रंग आणि वास यांच्यावर विश्वास ठेवा.

बदामाला मंद आचेवर १० ते १२ मिनिटं लागतात. एक बदाम सुरीने आडवा कापून आतला रंग बघा, पांढऱ्याचा हस्तिदंती झाला की पुरे. काजूला ६ ते ८ मिनिटं, आणि त्या वेळात कढईपासून हलायचं नाही. काजूचे अर्धे तुकडे आधी रंगतात, तेव्हा शक्यतो अख्खे काजू घ्या.

शेंगदाण्याची साल काढायची का? मी ठेवते. मसाला सालीला चांगला धरतो आणि तिची किंचित तुरट चव तिखटाशी जमते. साल नको असेल तर दाणे पूर्ण गार झाल्यावर सुती कापडात घेऊन चोळा आणि सुपात पाखडा.

भट्टीवरच्या दाण्यासारखी चव हवी असेल तर

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फिरताना खाल्लेले गरम दाणे वेगळेच लागतात. फुटाणे-शेंगदाणेवाले तापलेल्या वाळूत दाणा भाजतात, वाळू चहूबाजूंनी लागते, त्यामुळे दाणा कुठेही डागाळत नाही आणि आतपर्यंत सारखा फुलतो. घरी वाळूऐवजी मीठ वापरायचं. लोखंडी कढईत दोन वाट्या जाडं मीठ घालून मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं चांगलं तापवा, मग त्यात पाव किलो शेंगदाणे टाकून ८ ते १० मिनिटं परता. तडतड थांबत आली की मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळा. मीठ गार करून बरणीत भरा, पुढच्या वेळी भाजायला तेच चालतं. स्वयंपाकात मात्र घालू नका, त्याला करपट वास लागलेला असतो.

दाण्याच्या आत मीठ मुरायला हवं असेल तर भाजण्याआधी वाटीभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवून त्यात दाणे १५ मिनिटं भिजवा, निथळा आणि कापडावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली तासाभरात वाळतात, पावसाळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. ओलसर दाणा तापलेल्या मिठात टाकलात तर मीठ गोळा होऊन त्याला चिकटतं. असे खारे दाणे केले तर पुढे मसाल्यातलं साधं मीठ जवळजवळ वगळायचं.

ओव्हन, एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह

ओटीजी असेल तर १५० अंश सेल्सिअसवर आधी तापवून घ्या, दाणे ट्रेमध्ये एकाच थरात पसरा. शेंगदाण्याला २० ते २५ मिनिटं, बदामाला १५ ते १८, काजूला १० ते १२. दर पाच-सात मिनिटांनी हलवा, मागच्या बाजूचे दाणे आधी रंगतात. पाहुणे जास्त असतील आणि एक-दीड किलो करायचे असतील तर हाच मार्ग हाताला सोपा. एअर फ्रायरमध्ये १५० अंशावर शेंगदाण्याला १० ते १२ मिनिटं, मधे दोन-तीनदा टोपली हलवून. मायक्रोवेव्हमध्ये एकेक मिनिटाने थांबून, ढवळून, दाणा फोडून बघत करा. तिथे दाणा आतून आधी करपतो आणि वरून पत्ता लागत नाही, त्यामुळे मला तो शेवटचा पर्याय वाटतो.

मसाला लावणं

सगळे कोरडे मसाले, आमचूर, पिठीसाखर आणि दोन्ही मिठं सोडून, एका वाटीत एकत्र करा. आमचूर, साखर, मीठ दुसऱ्या वाटीत. दाणे अजून कोमट हवेत. पूर्ण गार झाले असतील तर कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परतून घ्या, गार दाण्याला तेल आणि तिखट नीट धरत नाही.

लसूण सालीसकट ठेचा, अगदी लगदा नको. कढईत तेल तापवून मंद आचेवर लसूण घाला आणि सोनेरी, कोरडा कुरकुरीत होईपर्यंत परता. हे महत्त्वाचं. ओला लसूण राहिला तर रात्रीपर्यंत सगळे दाणे मऊ पडतील. मग धुऊन पूर्ण पुसलेला कढीपत्ता घाला, पानं चुरचुरीत झाली की गॅस बंद.

आता अर्धा मिनिट थांबा. तेलातून धूर येत नाहीये ना बघा, मग हिंग, जिरेपूड आणि तिखटाची वाटी तेलात सोडा. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, म्हणून तिखट थेट दाण्यांवर भुरभुरण्यापेक्षा आधी तेलात घातलं की चार चमचे तेलातच सगळा दाणा लालसर होतो. तेल लाल दिसलं की लगेच दाणे घालून दोन कालथ्यांनी वरखाली करा. शेवटी गॅस अगदी बारीक करून एक मिनिट परता, म्हणजे तेल दाण्यावर बसतं आणि हाताला लागत नाही. पुन्हा गॅस बंद.

दाणे परातीत काढून दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या. मग मीठ, काळं मीठ, आमचूर आणि पिठीसाखरेची वाटी चिमटीचिमटीने भुरभुरत हाताने हलवा. आमचूर कढईत करपलं तर कडू होतं, साखर वितळून गुठळ्या करते, म्हणून ही वाटी सर्वांत शेवटी. चाखा. दाणा कोमट असताना मीठ थोडं कमी वाटलं तर तसंच राहू द्या आणि गार झाल्यावर पुन्हा चाखा.

बेसनाचं आवरण असलेले

लहान मुलं आणि चहाबरोबर खाणारी मंडळी हे जास्त मागतात. पाव किलो कच्चे शेंगदाणे, अर्धी वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, एक चमचा तिखट, अर्धा चमचा ओवा, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर हिंग. इथे तळणीत वेळ मिळतो, त्यामुळे पाव चमचा हळद चालते. दाण्यांवर पाण्याचा हबका मारून ओलसर करा, पीठ भुरभुरा, हलवा, पुन्हा हबका, पुन्हा पीठ. एकदम पाणी ओतलंत तर भज्याचं पीठ होईल. दाणे सुटे राहिले पाहिजेत. मध्यम तापलेल्या तेलात थोडे थोडे सोडून गॅस मंद ठेवा आणि सहा-आठ मिनिटं तळा. मोठ्या आचेवर आवरण लाल होतं आणि आतला दाणा कच्चाच राहतो, शेवटी इथेही तीच गोष्ट. बुडबुडे कमी झाले आणि दाणे हलके होऊन वर आले की काढा. चाट मसाला गरम असतानाच, तळण कागदावर निथळल्यावर लगेच.

गूळ-तिखटाचे दाणे करायचे असतील तर पावसाळ्यात नको, गूळ हवेतला ओलावा ओढून चिकट होतो. हिवाळ्यात करा. भाजलेल्या पाव किलो दाण्यांना ६० ग्रॅम गूळ, एक मोठा चमचा पाणी, चमचाभर तिखट, चिमूटभर मीठ आणि सुंठ. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक होऊन टक्क आवाज करत तुटला पाहिजे. तिखट आणि सुंठ गॅस बंद केल्यावर, मग दाणे, आणि तूप लावलेल्या ताटात पटापट सुटे करत पसरवा. हात भाजतो, दोन काटे-चमचे वापरा.

बिघडलं तर

मऊ पडले असतील तर कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता किंवा ओटीजीत १२० अंशावर सात-आठ मिनिटं ठेवा आणि गार होऊ द्या. मसाला तळाशी गळत असेल तर दाणे गार होते किंवा तेल फार कमी पडलं, अर्धा चमचा तेल कोमट करून चोळा. तिखट जास्त झालं तर बिनमसाल्याचे भाजलेले दाणे किंवा काजू मिसळा, साखर वाढवत बसू नका. करपलेल्या दाण्यांना उपाय नाही. करपट वास बाकीच्यांनाही लागतो, म्हणून तेवढे वेचून टाका, आणि निम्म्याहून जास्त असतील तर सगळेच.

ठेवणं आणि वाढणं

डब्यात भरण्याआधी दाणे पूर्ण गार हवेत, हात लावून खात्री करा. कोमट दाणे झाकले की आतली वाफ डब्याच्या झाकणावर जमते आणि सगळे सादळतात. काचेची घट्ट झाकणाची बरणी सर्वांत चांगली. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गॅसशेजारच्या फडताळात ठेवू नका, उष्णतेने तेल लवकर खवटतं. लसणाचे मसाला दाणे आठवड्याभरात संपवावेत, नुसते भाजलेले दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणून पार्टी शनिवारी असेल तर भाजण्याचं काम गुरुवारी उरका आणि मसाला शनिवारी सकाळी लावा.

वाढण्याआधी पाहुण्यांना सांगा की यात शेंगदाणे, काजू, बदाम आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींना जिवावर बेतण्याइतकी असते. कुणाला असेल तर त्यांच्यासाठी फुटाणे किंवा मखाणे वेगळ्या कढईत, वेगळ्या कालथ्याने करा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्यांच्यासाठी चुरमुरे असू द्या.

एकाच मोठ्या भांड्यापेक्षा चार लहान वाट्या ठेवलेल्या बऱ्या, सगळ्यांच्या हाताशी राहतात आणि ओले हात एकाच भांड्यात जात नाहीत. वाटीत चमचा ठेवा. बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू वेगळं चिरून ठेवा. ज्याला हवं त्याला बशीत कालवून द्यायचं, कालवलं की पाच मिनिटांत खायचं. हिवाळ्यात शेतावर हुरडा पार्टी असेल तर हे दाणे घरून करून न्या. तिथे हुरडा भाजून झाल्यावर आगटीत निखारे उरतात, त्यात सालासकट ओल्या शेंगाही भाजून घेता येतात.

दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी तिखट, कुरकुरीत लसूण आणि फुटके दाणे उरतात. ते उखळात थोडे कुटा, उखळ नसेल तर मिक्सर दोनदाच थांबवून थांबवून फिरवा. वरून मीठ घालू नका, दाण्यांना लागलेलं पुरतं. कडक भाकरीवर दही आणि ही चटणी घ्या.